मामांचं थांबणं

फोन शेजारच्या शकूकाकूंचा होता. दुपारची वेळ, पोस्टातल्या माझ्या काउंटरपुढं रजिस्टर पाकिटं घेऊन माणसं उभी होती. काकू एरवी फोनवर आधी इकडचं तिकडचं बोलतात, मग कामाचं. त्या दिवशी त्या एकदम म्हणाल्या, "ज्योती, घरी ये. मामा उठंनात." मी काहीतरी विचारलं असणार, कारण त्या पुढं म्हणाल्या, "मला कसं कळलं म्हून काय इचारायलीस... तुझ्या रेवानं आणलं मला. दारात आली, माझा हात धरला, ‘आबा’ म्हणली अन् वढत घेऊन आली बघ."

मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेले, म्हणाले. मधल्या खोलीतल्या सतरंजीवर मामा कुशीवर झोपल्यासारखे दिसत होते आणि त्यांच्या पायापाशी माझी चार वर्षांची लेक बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं. मी खाली बसले आणि रडले. पण खरं सांगायचं तर त्या रडण्यात दुसरंही काही मिसळलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी स्वतःच्या नावालाही वळून पाहत नव्हती. माणसाचा हात तिच्या लेखी कडी काढायच्या काठीसारखा होता. आणि आज ती एका माणसासाठी दुसऱ्या माणसाकडं गेली, शब्द उच्चारून त्याला घेऊन आली. हे जिनं केलं तिला हे ज्यांनी शिकवलं, ते समोर निपचित पडले होते... आता दीड महिना होत आला, तरी त्या दुपारचं नवल माझ्या मनातून उतरत नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, माणिकराव. सेलूच्या मोंढ्यात ते हर्रास पुकारायचे. धान्याच्या बाजाराला आमच्याकडं मोंढा म्हणतात आणि लिलावाला हर्रास. तुरीचे, सोयाबीनचे ढीग ओळीनं पडलेले, भोवती व्यापारी, आणि ढिगाच्या कडेला उभे राहून एकाची बोली उचलून दुसऱ्याच्या अंगावर फेकणारे मामा. मोंढ्यात त्यांनी सुरू केलेलं वाक्य स्टेशनच्या फाटकापाशी संपतं, असं लोक गमतीनं म्हणत. घरातही आवाज तोच. न्हाणीतून त्यांनी टॉवेल मागितला तरी गल्लीतली दोन-तीन घरं सावध व्हायची. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, आणि पहिले काही महिने मला सारखं वाटायचं, मामा आपल्यावर रागावलेत की काय. माझा नवरा योगेश हसून म्हणायचा, "रागावले की गप बसतेत ते." रेवाच्या बारशाला आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मामांनी तेच नाव ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला सांगितलं.

रेवा चालायला लागली वेळेवर. हसायचीही, पण आमच्याकडं पाहून नव्हे... पंख्याकडं, नळाच्या धारेकडं पाहून. दीड वर्षाची झाली तरी ‘मम्मी’ नाही, ‘बाबा’ नाही. मामा तिच्या समोर बसून हाक मारायचे, "रेवाबाईऽऽऽ!" ती पापणीही हलवायची नाही. ऐकूच येत नसेल म्हणावं, तर कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून किंचाळायची आणि बिस्किटाच्या पुड्याची चुरचुर स्वयंपाकघरात झाली तरी अंगणातून यायची. डब्यांची झाकणं जमवून ती एकेक फिरवत बसायची आणि डोळा जमिनीला टेकवून त्यांचं गरगरणं बघायची. काही हवं असलं की माझं मनगट धरायची, नेऊन कडीवर आपटायची. माझ्या तोंडाकडं नजर जायची नाही. नातेवाइकांकडं सल्ले खूप होते. योगेश बी लय उशिरा बोलला होता, वेखंड उगाळून जिभेला लावा, अमक्या ठिकाणी अंगारा मिळतो... योगेशला तेच ऐकायचं होतं. मामाही आधी तसंच म्हणायचे. पण एक दिवस त्यांनी तिच्या पाठीमागं उभं राहून स्टीलचं ताट वाजवलं. ती इतकी घाबरली की पलंगाखालून दुपारपर्यंत बाहेर आली नाही. संध्याकाळी मी पोस्टातून आले तेव्हा ते दारातच होते. म्हणाले, "ज्योती, लेकराला ऐकू येतंय. पण आपण तिला पोचंना गेलोत. परभणीला दाखवू."

परभणीला आधी कान तपासले. कान ठीक निघाले. मग लहान मुलांच्या डॉक्टरांनी आणि वाचा शिकवणाऱ्या एका तरुण मॅडमनी तिला बराच वेळ पाहिलं. तिच्याशी खेळून पाहिलं, आम्हाला खूप प्रश्न विचारले. नाव घेतल्यावर बघते का, बोट करून काही दाखवते का, दुसऱ्याचं पाहून टाळ्या वाजवते का... आमची उत्तरं नाही, नाही, नाही. मॅडम म्हणाल्या, "ऑटिझम असू शकतो. इतक्यात ठाम सांगता येणार नाही. पण ठाम कळेपर्यंत वाट बघत बसायचीही गरज नाही, काम आजपासून सुरू करू." योगेश उठला. "माझी लेक येडी न्हाई," असं म्हणाला आणि बाहेर निघून गेला. मामा मात्र तसेच बसून राहिले. म्हणाले, "मॅडम, नाव काय द्यायचं ते तुमी द्या. तिला आमच्याकडून काय लागतंय तेवढं सांगा."

दिवसभर तिच्याजवळ कोण असतं, असं मॅडमनी विचारलं. मी पोस्टात, योगेश त्याच्या खत-बियाणांच्या दुकानात. मोंढ्यातले सौद्याचे तास सोडले तर मामाच घरी असायचे. तेवढ्या वेळापुरती शकूकाकू तिच्यावर लक्ष ठेवायच्या. "मग तुम्ही तिच्याशी कसं बोलता ते दाखवा," मॅडम म्हणाल्या. मामांनी घसा खाकरला आणि सवयीनं हाक दिली. रेवा कान दाबून टेबलाखाली. मॅडम हसल्या नाहीत. त्या स्वतः जमिनीवर बसल्या, टेबलाखाली एक चेंडू घरंगळत सोडला, इतकंच म्हणाल्या, "चेंडू," आणि गप्प झाल्या. खूप वेळ गेला. मला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. मॅडम बोलल्या नाहीत. शेवटी टेबलाखालून चेंडू परत आला. मामा खुर्चीतून पुढं झुकून ते बघत होते. "आजोबा," मॅडम म्हणाल्या, "नुसता आवाज कमी करून भागणार नाही. शब्दही कमी करायचे. ती जे करतेय तेच तिच्याजवळ बसून करायचं. एक शब्द बोलायचा, आणि मग थांबायचं."

"किती थांबायचं?"

"तिला लागेल तितकं."

परत येताना रेल्वेत मामा एक शब्द बोलले नाहीत. गाडीनं भोंगा दिला की दोन्ही तळव्यांनी रेवाचे कान झाकायचे, तेवढंच. सेलू जवळ आलं तेव्हा खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "जन्मभर मी कुणाला थांबू दिलं न्हाई, ज्योती. हर्राशीत जो थांबला त्याच्या हातून माल गेला. आता ह्या वयात थांबणं शिकायचं..." मला वाटलं, ते नाही म्हणतायत. पण ते स्वतःला बजावत होते.

हंगाम तोंडावर आला होता. मोंढ्यात नवा माल यायला लागला की मामांशिवाय पान हलायचं नाही. ते ज्यांच्या आडत दुकानासाठी पुकारायचे ते शेठ घरी आले, ओट्यावर बसले, म्हणाले, "माणिकराव, दिवाळीपुरतं तरी या." मामांनी त्यांना चहा पाजला आणि हळू आवाजात सांगितलं, "शेठ, मला घरी काम लागलंय." शेठनी दोनदा "काय म्हणलात?" असं विचारलं. मामांचं बोलणं कान देऊन ऐकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

त्यानंतर या माणसानं जे केलं ते मी रोज डोळ्यांनी पाहिलं, तरी अजून पुरतं पटत नाही. मधल्या खोलीतला पलंग त्यांनी भिंतीला सरकवला, टीव्ही कपड्यानं झाकला, सतरंजी अंथरली आणि त्यावर पोटावर झोपले. दुखणारे गुडघे, सुटलेलं पोट, आणि डोळा जमिनीला टेकवून रेवाशेजारी झाकण फिरवणारे मामा! ती त्यांच्याकडं पाठ करायची. ते तिच्या समोर जायचे नाहीत, तिथंच आपलं झाकण फिरवत राहायचे. झाकण थांबलं की म्हणायचे, "थांबलं." बस, एवढंच. मग गप्प. त्या गप्प राहण्यात केवढे कष्ट होते ते मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. शब्द त्यांच्या गळ्यापर्यंत आलेला दिसायचा, गळ्याची घाटी वरखाली व्हायची, आणि ते तो गिळायचे. दिवस गेले, आठवडे गेले. परभणीच्या फेऱ्या सुरू होत्या. मॅडम सांगायच्या ते मामा ऐकायचे आणि घरी येऊन जसंच्या तसं करायचे. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि मामा घाईनं स्वयंपाकघरात आले, फ्रिजला पाठ लावून उभे राहिले, खिशातली दस्ती काढून तोंडावर दाबून धरली. डोळे भरलेले. मी घाबरले. त्यांनी मूठ उघडून दाखवली. आत डब्याचं एक झाकण होतं. "तिनं दिलं," ते कुजबुजले. "माझ्या हातात दिलं, माझ्या तोंडाकडं बघून दिलं. वरडावं वाटायलंय गं... म्हून इकडं आलो."

योगेश या सगळ्यापासून लांब राहत होता. दुकानातून उशिरा यायचा, मॅडमचं नाव निघालं की उठून जायचा. एकदा जेवताना त्याचा बांध फुटला. "तुमी दोघं मिळून तिला आजारी ठरवायलात. पोरीला पोरगी म्हणून खेळवा की सरळ!" मी उत्तर देणार होते. मामांनी हातानं मला थांबवलं. "मी तिला काहीच ठरवंना, योगेश. ती जिथं हाय तिथं मी जायलोय. तू बी ये, जमलं तर." योगेश ताटावरून उठला. मामा त्याच्या मागं गेले नाहीत, नंतर तो विषयही त्यांनी काढला नाही. आता वाटतं, ते त्याच्यासाठीही थांबलेच होते.

रेवाला अंघोळीचं पाणी आवडायचं. मॅडमनी सांगितलं होतं की तिला जे आवडतं त्यातच मध्ये थांबा, म्हणजे पुढचं मागायला तिला जागा मिळेल. मामा रोज सकाळी न्हाणीत तिच्या पायांवर पाण्याचा मग ओतायचे. ओतण्याआधी, अगदी दबक्या सुरात, कानाशी गुपित सांगावं तसं म्हणायचे, "एक वार... दोन वार... तीन वार!" आणि पाणी. रेवा खिदळायची. असं किती तरी सकाळी झालं. मग त्यांनी शेवटचं सोडून द्यायला सुरुवात केली. "एक वार... दोन वार..." आणि भरलेला मग हवेत. ती मगाकडं बघायची, त्यांच्याकडं बघायची, त्यांचा हात खाली ओढायची. हात ओढला तरी ते ओतायचे. मागणं कोणत्याही रीतीनं आलं तरी चालेल, असं मॅडम म्हणाल्या होत्या. पण ओतायच्या आधी थोडं थांबायचे. म्हाताऱ्या दंडाला कापरं भरायचं.

त्या सकाळी मी कणीक मळत होते. न्हाणीतून रोजचं ऐकू आलं, "एक वार... दोन वार..." मग शांतता. ती लांबत गेली. आणि मग एक आवाज आला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता. बारीक, थोडा खरखरीत. "ती."

मी कणकेच्या हातांनी दारात गेले. मामांनी मग ओतला होता. पाणी वाहत होतं. रेवा पायांकडं बघत हसत होती. मामांनी माझ्याकडं पाहून बोट ओठांवर ठेवलं. टाळ्या वाजवू नकोस, ओरडू नकोस. पुन्हा मग भरला. "एक वार... दोन वार..." "ती!" पाणी. पुन्हा. पुन्हा. ज्या माणसानं नातीच्या बारशाला अख्खी गल्ली गोळा केली होती, तो तिच्या पहिल्या शब्दाला नुसतं पाणी ओतत राहिला. कारण तिला पाणी हवं होतं, कौतुक नको होतं. त्यांच्या गालांवरून काय वाहतंय ते न्हाणीत कळायला मार्ग नव्हता.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. मध्ये एकदा ताप आला आणि आलेले शब्द गेले, महिनाभर गेले. मी खचले. मामा पुन्हा झाकणांपाशी जाऊन बसले. शब्द परतले, काही नवे घेऊन परतले. ‘आबा’ हा त्यातलाच, मामांसाठी. वाक्य अजून नाही. ऑटिझम हे नावही अजून कुणी ठाम दिलेलं नाही. मॅडम म्हणतात, कल तिकडंच दिसतो, आणि तसं असलं तरी रेवा रेवाच आहे, तिची वाट वेगळी आहे इतकंच.

एक प्रसंग मी पाहिलेला नाही, मामांनी सांगितलेला आहे. सोनपेठला त्यांच्या बहिणीच्या नातीचं लग्न होतं. बँड लागला आणि रेवाचं अंग ताठ झालं. मामा घरातले सगळ्यांत वडील. अक्षता टाकायला त्यांना मानानं पुढं बोलावलं जाणार होतं. ते तिला उचलून मांडवामागच्या शेतात गेले आणि लग्न लागेपर्यंत बांधावर बसून राहिले. बहीण रुसली, पाहुणे कुजबुजले. परतीच्या एसटीत मला म्हणाले, "तुला एक सांगू का? मेंढरं चालली व्हती समोरून. लय मोठा कळप, धनगर अन् त्याची बायको मागं. रेवानं बोट केलं. मेंढरं मागायला न्हाई गं... दाखवायला. अन् बोट तसंच ठेवून मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी बघायलोय का म्हून बघितलं!" असं म्हणून त्यांनी माझ्या मांडीवर झोपलेल्या रेवाचं ते बोट हळूच आपल्या हातात घेतलं. "मला बी बघ म्हणली ती. ज्योती, आमी दोघांनी मिळून मेंढरं बघितली." साठीपुढचा माणूस, आयुष्यभर गर्दीच्या मधोमध उभा राहिलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी आधी कधीच पाहिला नव्हता. मेंढरं रोज जातात आमच्या रस्त्यांनी. कुणी कुणाला दाखवतं का...

मामा गेल्यावर घर माणसांनी भरून गेलं. दारातूनच हंबरडा फोडत बाया आत यायच्या. रेवा पलंगाखाली, कान दाबून. एक शब्द नाही. ‘आबा’सुद्धा नाही. मी कुणाकुणाला आवरणार होते? दुसऱ्या दिवशी योगेश उठला आणि उंबऱ्यात जाऊन हात जोडून उभा राहिला. त्याच्या आत्या, चुलते, मोंढ्यातले जुने लोक समोर. म्हणाला, "रडा, पण जरा हळू रडा. माझ्या लेकराला आवाज सोसत न्हाई. तिला ऑटिझम असंल म्हणतेत डॉक्टर. बाबा घरात हळू बोलायचे ते तिच्यासाठीच." तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. सोनपेठहून आलेल्या आत्या पदर तोंडाला लावून माझ्याजवळ आल्या आणि कानात म्हणाल्या, "म्हून बांधावर बसला व्हता का माझा भाऊ..."

मॅडमना मी फोन केला. रेवाला काय सांगायचं, विचारलं. त्या म्हणाल्या, खरं सांगा, थोडक्यात सांगा. ‘गेले’ म्हणू नका, गेलेला माणूस परत येतो असं तिला वाटेल. ते काम योगेशनं केलं. पलंगाखाली तिच्याशेजारी आडवा झाला आणि म्हणाला, "आबा मेले. आबा येणार न्हाईत." मग तिथंच पडून राहिला. ती त्याला चिकटली नाही, रडलीही नाही. पण त्याच्यापासून दूरही सरकली नाही. शब्द हळूहळू परत आले, या वेळी तिच्या बापाला ऐकू आले.

आमच्या घरात आता कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही. हे ठरवून झालेलं नाही. काही सांगायचं असेल तर आम्ही हातातलं काम ठेवतो, त्या माणसापाशी जातो, समोर बसतो, थोडकं बोलतो. मी आणि योगेश एकमेकांशीही तसेच बोलायला लागलो आहोत. पाहुणे आले की त्यांचाही आवाज आपोआप खाली येतो. मामा या घरात कुठं आहेत असं कुणी विचारलं तर मी फोटोकडं बोट करणार नाही, या सवयीकडं करीन.

परवा संध्याकाळी स्वयंपाक झाला होता. मागच्या पायरीवर रेवा घमेल्यात पाणी घेऊन पाय बुडवून बसली होती. योगेश दुकानातून आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्या शेजारी पाय बुडवून बसला. मी गॅस बंद केला, बाहेर गेले, रेवाच्या समोर उकिडवी बसले. म्हणाले, "जेवायचं?" आणि थांबले. तिनं पाण्याकडं पाहिलं. बापाच्या पायांकडं पाहिलं. कापसाचा एक टेम्पो रस्त्यानं गेला, त्याचा आवाज विरला. मग तिनं आपले पाय घमेल्याच्या एका कडेला सरकवले, माझ्याकडं बघितलं, आणि मोकळ्या झालेल्या पाण्यावर हात आपटून म्हणाली,

"बैस."

मी साडी वर खोचली आणि बसले.